२० मिलिमीटरचं राजकारण

आज जरा वेगळा इतिहास. लढाया आणि सनावळ्या यातही आहेत, पण सगळं टेबलावर.

'वॉरहॅमर' हा युद्धखेळ १९८३ साली इंग्लंडमध्ये आला. इंचभर उंचीचे सैनिक स्वतः रंगवायचे आणि टेबलावर लढवायचे. सैनिक धातूचे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर सिटाडेल कंपनीने त्यांच्यासाठी प्लॅस्टिकचा पोकळ बेस आणला. बेसला मधे खाच, सैनिकाच्या पायाखाली पट्टी. पट्टी खाचेत बसवली की गडी उभा! माणसांना २० मिमीचा चौकोन, ऑर्कसारख्या दांडग्यांना २५ मिमीचा.

आता आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको, पण एकदा आकार ठरला की तो नुसता आकार राहत नाही, त्याचा इंटरफेस होतो. चौकोनाला चौकोन लावून फळी बनते. २० मिमीचे दहा सैनिक म्हणजे २० सेंमीची फळी, २५ मिमीचे दहा म्हणजे २५ सेंमीची. समोरचे किती जण भिडणार हे त्यावर ठरतं. म्हणजे बेस हा नियमांचाच भाग झाला.

२०१५ मध्ये गेम्स वर्कशॉपने जुना खेळ थांबवून 'एज ऑफ सिग्मार' आणला. त्यात फळी नाही, सैन्य सुटं सुटं लढतं, म्हणून बेस गोल. वर्षानुवर्षं रंगवलेल्या चौकोनी पलटणींचं काय करायचं? अनेकांनी करवती काढल्या. मग जानेवारी २०२४ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' आला आणि चौकोन परतले, पण वाढून! माणसाला २५, ऑर्कला ३०. परत करवती.

इथे शाळेतली भूमिती कामाला येते. २५ मिमीच्या चौकोनाचे कोपरे उडवले की २५ मिमीचं वर्तुळ बरोब्बर निघतं. उलट मात्र जमत नाही. ३२ मिमीच्या वर्तुळातून जास्तीत जास्त २२.६ मिमीचा चौकोन निघतो. २५ चा हवा तर वर्तुळ ३५.४ मिमीचं लागतं. म्हणून ३२ चा गोल बेस २२ वर कापायचा आणि २५ च्या चपट्या चौकोनावर चिकटवायचा. कडेची दीड मिमीची पायरी पुटीने भरायची.

कापताना माप खालच्या कडेवर घ्यायचं, कारण बेसच्या बाजू उतरत्या असतात, वरचा भाग लहान असतो. स्टीलची पट्टी धरून कटरने हलक्या हाताने पाच-सहा वेळा रेघ ओढायची, मग बारीक दातांच्या करवतीने कापायचं. फिरतं मशीन जोरात चालवलं तर प्लॅस्टिक वितळतं. शेवटी काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर कड घासायची. कोपरे उडवले की खालची पोकळी उघडी पडते, तीही पुटीने बुजवायची.

एवढा खटाटोप कोण करतं? कंपनी नाही. स्टँडर्ड बदलणारा वेगळा आणि मायग्रेशन करणारा वेगळा, हे आपण ऑफिसात रोज बघतोच. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली २० मिमीची एक जुनी पलटण आहे. तिला मी कात्री लावणार नाही. २५ मिमीच्या घरांचा ट्रे करून त्यात उभी करणार, म्हणजे नियमही पाळले जातील आणि मूळ बेसही राहील.

पण कापलेल्यांना मी नावं ठेवत नाही. कोपरे उडवलेला आणि खाली नवा चौकोन चिकटवलेला एखादा ऑर्क उलटा करून बघा. २०१५ आणि २०२४, दोन्ही साल त्याच्या तळाशी वाचता येतात.