खाद्यब्लॉगरला आवतण द्यावे, पण उघडपणे

बदलापूर : प्रतिनिधी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील उपाहारगृहांचे गिऱ्हाईक बहुतांशी स्थानिकच असते. दिवसभर मुंबईत नोकरी करून रात्रीच्या लोकलने परतणारा चाकरमानी आठवडाभर बाहेर जेवण्याच्या मनःस्थितीत नसतो. तो हॉटेलात शिरतो शनिवारी-रविवारी, तेही घरापासून रिक्षाच्या अंतरावर. हे गणित ध्यानात घेतले, की जाहिरातीसाठी कोणत्या खाद्यब्लॉगरला बोलवावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. दादर-वांद्र्याच्या लाखभर वाचकांच्या लेखकापेक्षा कल्याण ते बदलापूर एवढ्याच पट्ट्यातील खानपान धुंडाळणारा, हजारभर वाचकांचा स्थानिक लेखक अधिक उपयोगाचा. त्याचा वाचक येत्या रविवारी दारात उभा राहू शकतो. ब्लॉगर हा शब्द रूढ असला, तरी यातील अनेकजण आता लेखाऐवजी मोबाइलवर छोट्या चित्रफिती करतात. व्यवहार मात्र तोच.

आवतण देण्यापूर्वी त्या व्यक्तीचे आधीचे दहा-पंधरा लेख वाचून पाहावेत. पत्ता, वेळ आणि दर नीट दिले आहेत का? कधी एखादी उणीव दाखवली आहे का? सगळ्याच ठिकाणचे सगळेच पदार्थ ज्याला अप्रतिम वाटतात, त्याच्या शिफारशीला वाचकही किंमत देत नाहीत.

सांगण्यासारखे मात्र काहीतरी हवे. या बाबतीत उल्हासनगर भाग्यवान आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, १९४९मध्ये तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले आणि एक ते पाच हे कॅम्पांचे क्रमांक आजही पत्त्यात लिहिले जातात. या लोकांबरोबर दाल-पकवान, कोकी, साई भाजी, कमलकाकडीचे प्रकार आणि होळीच्या सुमारासचे घीयर इकडे आले. मराठी वाचकाला यातील निम्मी नावेही ठाऊक नसतात. तेव्हा पनीरच्या भाजीसाठी ब्लॉगरला बोलावण्यात काय हशील? दाल-पकवान ही सकाळची न्याहारी. म्हणून निमंत्रणही रविवारी सकाळचेच असावे. हरभऱ्याची डाळ ओतली, की कुरकुरीत पकवान मऊ पडू लागते. छायाचित्रे काढण्यात वेळ जाणार हे उघड असल्याने डाळ वेगळ्या वाटीत द्यावी आणि खाण्यासाठी दुसरे ताजे ताट आणावे.

बदलापूरकरांच्या हाती भौगोलिक मानांकन मिळालेले जांभूळ आहे. त्याचा हंगाम थोड्या दिवसांचा, त्यामुळे सरबत किंवा आइस्क्रीम करणाऱ्याने पाऊस सुरू होण्याआधीच निमंत्रणे धाडलेली बरी. अंबरनाथमध्ये अकराव्या शतकातील शिलाहारकालीन शिवमंदिर पाहण्यासाठी लोक येतात. तेथून चालत हॉटेलात कसे यायचे, एवढे लेखात आले तरी पुष्कळ. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र कोणालाही बोलावू नये; त्या गर्दीत ना आदरातिथ्य होते, ना लेखन.

आता नाजूक मुद्दा. फुकट जेवण हा मोबदलाच आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू वा सेवा, सवलत यांपैकी काहीही घेतले असल्यास ते ठळकपणे आणि सोप्या भाषेत सांगावे, असे त्यांत म्हटले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातदाराप्रमाणेच शिफारस करणाराही त्यातून सुटत नाही.

म्हणून निमंत्रणातच लिहावे : जेवण आमच्यातर्फे, तसे आपण नमूद करावे, मत आपले. प्रसिद्धीपूर्वी मजकूर दाखवण्याचा आग्रह धरू नये. चुकीचा दर किंवा पत्ता दुरुस्त करून मागण्यात गैर नाही. ‘डाळ थोडी खारट होती’ हे वाक्य काढायला लावण्यात आहे. जेवण फुकट न दिल्यास वाईट लिहीन, अशी धमकी कोणी दिली, तर त्याला नम्रपणे बिल द्यावे आणि संभाषण जपून ठेवावे. मालकांना हे धाडस वाटेल, पण एकदा दबावाखाली थाळी दिली, की पुढचा पाहुणा चौघांना घेऊन येतो.

लेख आल्यानंतर महिनाभर गल्ल्यावर एक वही ठेवावी. नवख्या गिऱ्हाईकाला ‘आमच्याविषयी कुठे कळले?’ असे विचारून रेघ ओढावी. शंभर मोफत थाळ्यांमागे किती माणसे आली आणि त्यांतली किती दुसऱ्यांदा आली, हे त्या वहीतून कळते. बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक छापणे जानेवारी २०२२पासून बंधनकारक आहे. ब्लॉगर बिलाचेही छायाचित्र काढतात, तेव्हा तो क्रमांक आहे ना आणि बिलातला दर मेनूकार्डाशी जुळतो ना, हे निमंत्रणाच्या आदल्या दिवशीच तपासून घ्यावे.