मोजलेलं रक्त

पाळीत किती रक्त जातं, हे बाई मिलिलिटरमध्ये सांगत नाही. दिवसाला किती पॅड लागले, रात्री कितीदा उठावं लागलं, गाठी पडल्या का, चादर खराब झाली का, असं ती सांगते. ऐकणारा त्यावरून 'जास्त जातंय' म्हणतो किंवा 'एवढं असतंच' म्हणून सोडून देतो. बहुतेक वेळा सोडूनच देतो.

१९६०च्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात काही डॉक्टरांनी हे रक्त खरोखर मोजायचं ठरवलं. हालबेर्ग आणि निल्सन यांनी १९६४ साली त्याची रीत सांगितली. पाळीच्या दिवसांत वापरलेलं प्रत्येक पॅड बाईने जपून ठेवायचं आणि आणून द्यायचं. प्रयोगशाळेत ती पॅडं पाच टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत घालायची. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं त्यात हिमॅटिन होतं आणि पाण्याला रंग चढतो. त्याच बाईच्या शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या मोजक्या थेंबांवर तोच प्रयोग करायचा, दोन्ही रंगांची गडदता यंत्रावर ताडून पाहायची, की पॅडांत किती रक्त होतं ते कळतं. किळस वाटेल असं, वेळखाऊ आणि अत्यंत मोलाचं काम. १९६६ साली त्याच गटाने, ज्यात रिबो नावाचे डॉक्टरही होते, ४७६ बायकांची मोजणी छापली. सरासरी निघाली चाळीस मिलिलिटरच्या आसपास. ज्यांचं ऐंशीच्या वर जात होतं, त्यांच्या शरीरातलं लोह खालावलेलं दिसलं. 'अतिरक्तस्राव' म्हणजे ८० मिलिलिटरपेक्षा जास्त, ही रेघ तिथून आली.

हार्मोनच्या तांबीची, म्हणजे गर्भाशयात बसवून हार्मोन सोडणाऱ्या साधनाची, कुळकथा सांगायला बसलेले लोक या कामाला क्वचितच हात लावतात. ते गर्भनिरोधनापासून सुरुवात करतात, आणि ते चूकही नाही, कारण ही वस्तू जन्मली ती मूल नको म्हणूनच. पण आज हजारो बायका ती बसवून घेतात त्या पाळीच्या त्रासासाठी. त्यांतल्या कितीतरी जणींची मुलं मोठी झालेली असतात, कितीजणींची नसबंदीही झालेली असते. तेव्हा तिची मूळ वंशावळ आणि हे मोजलेलं रक्त, दोन्ही एकत्रच सांगायला हवीत.

वंशावळ जर्मनीतून निघते. १९०९ साली ब्रेस्लाऊजवळच्या वाल्डेनबुर्गमध्ये रिचर्ड रिख्टर या डॉक्टरने रेशमाच्या किड्याच्या आतड्यापासून केलेली तात गर्भाशयात बसवली. १९२०च्या दशकात बर्लिनच्या अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांनी तिच्याभोवती चांदीची तार गुंडाळली आणि पुढे नुसत्या तारेचंच कडं केलं. त्या चांदीत तांबंही होतं, हे बरंच नंतर लक्षात आलं. ग्रेफेनबर्ग ज्यू होते. नाझींनी त्यांना तुरुंगात टाकलं. मार्गारेट सँगर यांच्या खटपटीने ते सुटले आणि १९४० साली अमेरिकेला पोहोचले. याच सँगरबाई १९३५च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींशी संततिनियमनावर वाद घालून गेल्या होत्या.

जंतुसंसर्गाच्या भीतीने ही कडी मागे पडली. १९५९ साली इस्राएलमधून ओपनहायमर आणि जपानमधून इशिहामा यांनी आपापले चांगले अनुभव छापले आणि विषयाला पुन्हा तोंड फुटलं. तोवर प्लास्टिक आलं होतं. अमेरिकेतल्या बफेलो शहरात जॅक लिप्स यांनी पॉलिथिनचा नागमोडी 'लूप' केला. नळीत सरळ करून आत घालायचा, आत गेला की तो पुन्हा आपला आकार घेतो. टोकाला नायलॉनचा दोरा, म्हणजे तो जागेवर आहे का ते तपासता येतं.

हा लूप आपल्याकडे १९६५ साली सरकारी कार्यक्रमातून आला. कानपूरला तो बनवायचा कारखाना निघाला. पहिल्या वर्षात लाखो बायकांना तो बसवला गेला आणि मग आकडे घसरले. त्याचं खापर अफवांवर आणि बायकांच्या अडाणीपणावर फोडणारं लिखाण पुष्कळ झालं. मला ते आजही खटकतं. बायका सांगत होत्या की अंगावरून फार जातं, पोटात कळा येतात. त्या खरं सांगत होत्या. साध्या प्लास्टिकच्या लूपने पाळीतलं रक्त जवळजवळ दुप्पट होतं, हे पुढे मोजूनच सिद्ध झालं. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईला दर महिन्याला दुप्पट रक्त गमावायला लावायचं, पुन्हा तपासायला कुणी जायचं नाही, आणि तिने लूप काढून टाकला की तिला अडाणी ठरवायचं.

चिलीचे हाइमे झिपेर आणि अमेरिकेचे हॉवर्ड टेटम यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस टी आकाराच्या प्लास्टिकवर तांब्याची तार गुंडाळली. तीच आपली कॉपर टी, म्हणजे तांबी. लूपपेक्षा लहान, गर्भाशयाच्या पोकळीला बसणारी, भरवशाची. रक्तस्राव मात्र तिनेही वाढतोच, लूपएवढा नसला तरी. ज्या बाईची पाळी मुळातच जड, तिला तांबी मानवत नाही, हे गावातल्या नर्सबाईंनाही ठाऊक असतं.

या वंशावळीची हार्मोनवाली धाकटी शाखा फुटली ती वेगळ्याच खोलीत. अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा इथल्या संस्थेत ज्यूडा फोकमन आणि डेव्हिड लाँग काम करत होते. सशाचं रक्त सिलिकोनच्या नळीतून फिरवताना त्यांना दिसलं, की नळीच्या बाहेर भुलीचा वायू असला तर ससा झोपतो. म्हणजे नळीच्या भिंतीतून वायू आत जात होता. मग नळीत औषध भरून तोंडं बंद केली, तर ते तसंच हळूहळू बाहेर झिरपेल. १९६४ साली त्यांनी हे छापलं. स्टेरॉइड जातीची हार्मोन्सही सिलिकोनमधून अशीच झिरपतात, हे न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिलमध्ये शेल्डन सीगल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. १९७० साली शिकागोच्या अँतोनियो स्कोमेन्या यांनी प्रोजेस्टेरॉन भरलेली अशी कुपी थेट गर्भाशयात ठेवून पाहिली. जिथे काम आहे तिथेच औषध, ही कल्पना त्यांची. तिच्यावरून अमेरिकेतल्या अल्झा कंपनीने 'प्रोजेस्टासर्ट' केली. १९७६ साली ती बाजारात आली. आत ३८ मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन, रोज ६५ मायक्रोग्रॅम बाहेर. रक्तस्राव कमी व्हायचा, पण साठा वर्षभरात संपायचा. दरवर्षी नवी बसवायची, कळा पुन्हा सोसायच्या. ती फारशी चालली नाही.

याच सुमारास अमेरिकेत गर्भाशयात बसवायच्या 'डालकन शील्ड'चं प्रकरण झालं. तिच्या दोऱ्यात अनेक तंतू वळलेले होते आणि त्यांतून जंतू वर चढत. बायकांना गंभीर संसर्ग झाले, काही दगावल्या. १९७४ साली तिची विक्री थांबली, खटले मात्र वर्षानुवर्षं चालले आणि कंपनीचं दिवाळं निघालं. १९८६ पर्यंत तिथल्या बाजारातून बाकी जवळजवळ सगळ्या तांब्या उठल्या. हार्मोनच्या तांबीचं पुढचं काम झालं ते फिनलंडमध्ये.

हेलसिंकीचे तापानी लुक्काइनेन पॉप्युलेशन कौन्सिलच्या आंतरराष्ट्रीय संशोधन समितीत होते. त्यांना वर्षभरात संपणारा साठा नको होता, म्हणून त्यांनी प्रोजेस्टेरॉन सोडून लेवोनॉर्जेस्ट्रेल घेतलं. हर्शेल स्मिथ यांनी साठीच्या दशकात प्रयोगशाळेत घडवलेल्या नॉर्जेस्ट्रेलचा हा काम करणारा अर्धा भाग. आपल्याकडे ते घराघरांत पोहोचलेलं औषध आहे. माला-डीच्या एका गोळीत ते १५० मायक्रोग्रॅम असतं. लुक्काइनेन यांच्या तांबीतून सुरुवातीला दिवसाला २० मायक्रोग्रॅम झिरपतं, तेही थेट गर्भाशयात, त्यामुळे रक्तात फार थोडं उतरतं. तुर्कू शहरातल्या लेइरास कंपनीने ती बनवली. १९९० साली फिनलंडमध्ये 'लेवोनोवा' नावाने ती विक्रीला आली, बाहेरच्या जगात 'मिरेना' झाली. ब्रिटनमध्ये १९९५ साली पोहोचली, अमेरिकेत २००० साल संपता संपता.

वस्तू पाहिली तर विश्वास बसणार नाही इतकी साधी. ३२ मिलिमीटर उंच आणि तितकाच रुंद पांढरा टी. उभ्या दांड्यावर सिलिकोनचं आवरण, त्यात ५२ मिलिग्रॅम हार्मोन. एक्स-रेत दिसावी म्हणून प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं. खाली दोन दोरे.

काम असं चालतं. दर महिन्याला गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं आणि मूल राहिलं नाही की सुटून रक्ताबरोबर बाहेर पडतं. हार्मोन अस्तराला वाढूच देत नाही, ते पातळ राहतं. पडायलाच थोडं असलं की रक्तही थोडं. पाळीत गर्भाशयाला पिळणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं याच अस्तरात तयार होतात, तीही घटतात, म्हणून कळा कमी होतात. बहुतेकींच्या बीजकोशांचं काम चालूच राहतं. त्यामुळे पाळी अगदी बंद झाली तरी तो रजोनिवृत्तीचा प्रकार नव्हे, आणि आत 'घाण साठते' या भीतीलाही आधार नाही. साठायला तिथे काही तयारच झालेलं नसतं.

गर्भनिरोधक म्हणून तपासताना बायकांची पाळी हलकी होतेय हे दिसतच होतं. प्रश्न असा होता, की ज्यांचं रक्त मुळातच ८० मिलिलिटरच्या वर जातं त्यांना ती पुरेल का. उत्तर गोथेनबर्गहूनच आलं. १९९० साली आंदेर्सन आणि पहिल्या मोजणीतलेच रिबो यांनी अशा २० बायकांचा अभ्यास छापला. तीन महिन्यांत रक्तस्राव ८६ टक्क्यांनी कमी झाला, वर्षभरात ९७ टक्क्यांनी. वीसच बायका, पण मोजलेलं रक्त. त्यावर 'तुम्हाला तसं वाटतंय' असं कुणाला म्हणता येईना.

पुढचा अभ्यास मला सगळ्यांत जवळचा वाटतो. फिनलंडमध्ये पिशवी काढायच्या ऑपरेशनच्या यादीत नाव असलेल्या ५६ बायका घेतल्या. निम्म्यांना ही तांबी बसवली, निम्म्यांचे चालू उपचार तसेच ठेवले. सहा महिन्यांनी विचारलं, अजून ऑपरेशन हवंय का? तांबीवाल्यांपैकी ६४ टक्के बायकांनी नाव मागे घेतलं होतं, दुसऱ्या गटातल्या १४ टक्क्यांनी. १९९८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे आलं. नंतर फिनलंडमध्येच २३६ बायकांवर मोठा अभ्यास झाला, एका गटाला तांबी, दुसऱ्याचं थेट पिशवी काढायचं ऑपरेशन. पाच वर्षांत तांबीच्या गटातल्या ४२ टक्के बायकांनी शेवटी पिशवी काढूनच घेतली. हा आकडा लपवायचं कारण नाही, उरलेल्या निम्म्याहून अधिक जणींचं ऑपरेशन टळलं, आणि दोन्ही गटांतल्या बायका आपल्या तब्येतीबद्दल सारख्याच समाधानी होत्या. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००७ साली जड पाळीसाठी हीच तांबी आधी सुचवावी असं सांगितलं. २०१५ साली ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली.

पिशवी काढायचा विषय निघाला की ऊसतोड कामगारांच्या बीड जिल्ह्याकडे यावं लागतं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीत फडावर उभं राहता येत नाही, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही. त्यात कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं. अंगावर पांढरं जातं, पोट दुखतं, एवढ्यावर पोटावर चीर दिली गेलेल्या कितीतरी जणी त्यात आहेत. त्यांचं दुखणं नुसत्या तांबीने सुटलं असतं असं मी म्हणणार नाही. संसर्गाला औषध लागतं, फडावर पाणी, आडोसा आणि पाळीच्या दिवसांची सुट्टी लागते. पण ज्यांचं खरोखर फार रक्त जात होतं, त्यांच्यापैकी किती जणींना कुणी समोर बसवून सांगितलं, की पिशवी न काढता एक उपाय आहे, पाच वर्षं चालतो, नको वाटला तर काढता येतो?

सांगताना बाकीचंही सांगायला हवं. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून थेंब थेंब जात राहतं, कधीकधी रोजही. हे आधी माहीत नसलं की बाई घाबरून दुसऱ्या महिन्यात काढायला येते. कुणाला मुरुमं येतात, छाती दुखते, डोकं दुखतं. तांबी आपोआप पडू शकते. बसवताना गर्भाशयाला भोक पडणं हजारात एक-दोघींच्या बाबतीत घडतं. फायब्रॉइडने पोकळी वेडीवाकडी झाली असेल तर ती टिकत नाही. चाळिशीनंतर पाळीचं तंत्र बिघडलं असेल तर आधी सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासायला हवा, कारण कॅन्सर असेल तर तो तांबीखाली झाकला जाऊ नये.

आणि बसवताना दुखतं. गर्भाशयाचं तोंड चिमट्यात धरतात, सळईने आतली खोली मोजतात, मग नळी आत सरकवून टीचे हात मोकळे सोडतात आणि दोरे कापतात. सगळं पाच-दहा मिनिटांचं. कुणी चिमटीभर दुखलं म्हणते, कुणाला घेरी येते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ साली पहिल्यांदा डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, की या दुखण्याबद्दल बाईशी आधी बोला आणि लिडोकेनसारख्या भुलीच्या औषधाचा विचार करा. ग्रेफेनबर्गच्या कड्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी.

आपल्याकडे भारतात बनलेल्या हार्मोनच्या तांब्याही आता मिळतात. सरकारी कुटुंबनियोजनात कॉपर टी फुकट आहे, अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे, ही नाही. ज्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथे ती कुटुंबनियोजनाच्या या यादीत यावी आणि बीडच्या ग्रामीण रुग्णालयातही मिळावी. आणि ज्या बाईला पिशवी काढायला सांगितलंय तिच्या कागदांवर, ऑपरेशनच्या संमतीच्या आधी, तांबीबद्दल तिला तिच्या भाषेत सांगितलं होतं की नाही, याची नोंद असावी.