पांढुर्ण्याच्या वाटेवरील झाडाची साक्ष

नागपूरहून उत्तरेकडे निघणाऱ्या दोन मोठ्या रस्त्यांवर पांढुर्णा आणि सौंसर ही गावे वसली आहेत. राज्य मध्यप्रदेश, पण घरातील बोली मराठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार आणि जामसावळीचा शयनमुद्रेतील हनुमान यांमुळे ही नावे दूरवर पोहोचली आहेत. आम्हां कायद्याच्या अभ्यासकांना मात्र पांढुर्णा आठवते ते एका झाडामुळे.

१८ डिसेंबर १९६० रोजी एक मोटार नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाली होती. ती एका जिनिंग कंपनीची होती आणि खुद्द कंपनीचे व्यवस्थापकच ती चालवीत होते. रस्ता सरळ होता, दुतर्फा शेते होती. मोटार पक्का रस्ता सोडून उजवीकडे सुमारे २५ फूट गेली व झाडावर आदळली. धक्का इतका जबर, की झाड उखडले आणि इंजिन जागचे मागे सरकले. आतील एक प्रवासी मृत्यू पावला.

अशा प्रसंगी मृताच्या कुटुंबाने कोणाकडे जावे? जुन्या इंग्रजी न्यायानुसार माणसाबरोबर त्याचा दावाही मरत असे. १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने आपल्याकडे वारसांना भरपाईचा हक्क दिला. तथापि त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागे व मागणीच्या प्रमाणात कोर्ट-फी भरावी लागे. १९३९ च्या मोटार कायद्यात १९५६ साली दुरुस्ती झाली, आणि अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. पांढुर्ण्याची बाजारपेठ नागपूरच राहिली. अपिलाची वाट मात्र जबलपूरकडे वळली.

विधवा व मुले न्यायाधिकरणापुढे गेली आणि त्यांना ३१,२०९ रुपये ९५ पैसे मंजूर झाले. कंपनीने अपील केले. मोटार निष्काळजीपणे चालविल्याचे शाबीत झाले नाही, असे म्हणून उच्च न्यायालयाने तो निवाडा फिरविला. साक्षीसाठी उभा राहिलेला माणूस अपघातानंतर जागेवर पोहोचलेला होता. मोटार रस्त्याबाहेर का गेली, हे घरी बसलेल्या विधवेने कसे सांगावे?

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. ‘घटना स्वतःच बोलते’ असे एक जुने तत्त्व आहे. १८६३ साली इंग्लंडमध्ये दुकानाच्या वरच्या मजल्यावरून पिठाचे पिंप वाटसरूच्या अंगावर पडले, तेव्हा न्यायाधीश म्हणाले, की पिंपे आपण होऊन पडत नसतात. तद्वत सरळ रस्त्यावरील मोटार आपण होऊन २५ फूट दूरच्या झाडाकडे जात नाही. तशी गेली असेल, तर कारण सांगण्याचा भार मोटारवाल्यांवर पडतो. शिवाय व्यवस्थापक कंपनीच्या कामावर असल्याने कंपनीही जबाबदार ठरली. न्यायाधिकरणाची रक्कम पुन्हा कायम झाली. विमा कंपनीचा भार मात्र १५,००० रुपयांपुरताच राहिला. तोवर सोळा वर्षे लोटली होती.

चौरस्त्यावर हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तेथे दोन वाहने असतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. १९३९ च्या कायद्याने नियम घालून दिला होता: चौकाजवळ वेग कमी करावा, मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने त्या रस्त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्यावे, एरवी उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी. हे तत्त्व आजही टिकून आहे. दोघेही चुकले, तर दोषाची वाटणी होते व चुकलेल्या चालकाची स्वतःची भरपाई तेवढी घटते. आत बसलेल्या निर्दोष प्रवाशाला मात्र ही वाटणी बाधत नाही. दोन्ही वाहने चुकली असतील, तर तो कोणा एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो, हे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. दर्शनासाठी एकत्र निघणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढे ध्यानी ठेवावे.

पुढे कायद्याने आणखी पाऊल टाकले. १९८२ च्या दुरुस्तीने मृत्यूबद्दल १५,००० रुपये दोष शाबीत न करताही मिळू लागले. २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, ही रक्कम ५ लाख झाली. त्याहून अधिक हवे असेल, तर दोष दाखवावा लागतो, आणि तेथे पांढुर्ण्याचे ते झाड आजही उपयोगी पडते.

पण झाड न्यायालयात आपल्या पायांनी गेले नव्हते. कोणीतरी जागेवर गेला, त्याने मोटार आणि झाड पाहिले आणि ते शपथेवर सांगितले. घटना स्वतः बोलते हे खरे. परंतु तिचे बोलणे ऐकून ठेवणारा माणूस लागतो. अपघाताच्या जागी गर्दी नेहमीच जमते. तिच्यातील एकाने तरी ते काम करावे, एवढेच आमचे मागणे आहे.