अंतेवासी आणि गावाचा इतिहास : शहापूर-मुरबाड परिसराच्या निमित्ताने

पाली वाङ्मयात आचार्याजवळ राहून शिकणाऱ्यास 'अंतेवासिक' म्हटले आहे. विनयपिटकाच्या नियमानुसार उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला किमान पाच वर्षे आचार्याच्या किंवा उपाध्यायाच्या निश्रयाने राहावे लागे. आचार्याने अंतेवासिकास पुत्राप्रमाणे आणि अंतेवासिकाने आचार्यास पित्याप्रमाणे मानावे, अशी तेथे अपेक्षा आहे. ही परंपरा केवळ ग्रंथांत राहिली नाही. रायगड जिल्ह्यातील कुडे लेण्यांत पदुमनिका या भिक्षुणीने दिलेल्या दानाच्या लेखात बोधी आणि असाळ्हमिता या तिच्या अंतेवासिनींची नावे कोरलेली आहेत. गुरूच्या दानात शिष्यांचेही नाव दगडावर यावे, ही गोष्ट आमच्या मते लक्षात ठेवण्याजोगी आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या महाविद्यालयांत क्षेत्रीय प्रकल्प आणि आंतरवासिता यांना स्थान मिळाले आहे. 'आंतरवासिता' या शब्दात आत राहणे आहे, 'अंतेवासिक' या शब्दात जवळ राहणे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही करावे लागते. त्याने कोणाजवळ राहावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. ग्रंथालयाजवळ तर राहावेच. परंतु आपल्या समाजाचा इतिहास लिहावयाचा असेल, तर गावाजवळ राहिल्यावाचून गत्यंतर नाही.

वाटेवरचा इतिहास

शहापूर आणि मुरबाड हे तालुके इतिहासाच्या आडरानात नाहीत. सोपारा व कल्याण या प्राचीन बंदरांतून देशावर जाणारी एक प्रमुख वाट मुरबाड तालुक्यातून नाणेघाटाने चढून जुन्नरला जात असे. कल्याणच्या उपासकांची दाने कान्हेरीच्या लेखांत आहेत. जुन्नरच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या पाण्याच्या पोढीचा उल्लेख आहे. सोपाऱ्याच्या सतिमित या धम्मुत्तरीय भाणकाचे दान कार्ल्याच्या चैत्यगृहात नोंदलेले आहे. सोनार आणि भाणक यांची नावे दोन हजार वर्षे टिकली, ती राजाच्या कृपेने नव्हे. त्यांनी ती स्वतः कोरून ठेवली म्हणून.

मात्र येथेच एक इशारा देणे आम्हांस आवश्यक वाटते. नाणेघाटातील सातवाहनकालीन मोठा लेख बौद्ध लेख नाही. त्यात श्रौत यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणांची गणना आहे. प्रत्येक जुना दगड बुद्धाचाच असा आग्रह आपल्यातील काही उत्साही मंडळी धरतात. त्याने बुद्धाचा गौरव वाढत नाही, आपल्या अभ्यासाचे मोल मात्र कमी होते. ज्या वाटेवर यज्ञांचा लेख आहे त्याच वाटेच्या दोन्ही टोकांना उपासकांनी लेण्यांना दाने दिली, एवढे सत्य आपल्याला पुरेसे आहे.

हे सत्य हाती आले तेही अंतेवासिकत्वातूनच. पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९-१८८८) यांनी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी वर्षानुवर्षे देशभर फिरून शिलालेखांचे ठसे घेतले. त्याच कष्टांतून तयार झालेल्या दृष्टीने १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला. आपल्या काळातीलही उदाहरण आहे. साठ्ये महाविद्यालयाचा प्राचीन भारतीय संस्कृती विभाग आणि मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग यांच्या साष्टी परिसरातील शोधमोहिमेतून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सात अज्ञात लेणी आढळल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीतील लेणी इतकी वर्षे नोंदीबाहेर राहतात, तर खेड्यांतील साधनांची काय कथा!

न कोरलेले लेख

आटगावचे उदाहरण घेऊ. १८६१ मध्ये लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोहोचला, त्या मार्गावरचे हे शहापूर तालुक्यातील स्थानक. अशा गावांतील बौद्ध वस्तीचा इतिहास शिलालेखांत नाही. तो पत्र्याच्या पेटीतील कागदांत आहे, विहाराच्या कोनशिलेत आहे, आणि सर्वांत अधिक वृद्धांच्या स्मरणात आहे.

महार वतनाचाच विषय पाहा. वतनाच्या जोखडातून समाज मुक्त व्हावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला. या तीस वर्षांत एखाद्या गावात प्रत्यक्ष काय घडले? राबणूक कोणी, कधी आणि कोणत्या किमतीवर सोडली? वतनाची जमीन कोणाच्या नावे राहिली? सातबारा आणि फेरफार यांच्या नोंदी तलाठी कार्यालयात मिळतील. परंतु त्या नोंदींमागील भय आणि निर्धार केवळ घरातील माणसेच सांगू शकतात. १९५६ मध्ये जे पंधरा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या पुढे गेले आहेत. अनित्यतेचा सिद्धांत आपण वंदनेच्या वेळी म्हणतो. तो येथे अक्षरशः लागू आहे.

हे काम होऊ शकते याचे प्रमाण आपल्यासमोर आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला. तो नसता तर त्या स्त्रियांपैकी अनेकींची नावेही उरली नसती. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी खेड्यापाड्यांतील कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. जाते थांबले, परंतु आवाज वाचला.

पद्धतीविषयी

वृद्धांच्या सांगण्यावर विश्वास किती ठेवावा, असा आक्षेप घेतला जातो. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेश हेच त्याचे उत्तर आहे. एखादे वचन प्रत्यक्ष बुद्धमुखातून ऐकले असे कोणी सांगितले, तरी ते लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. आधी त्यातील पदे आणि व्यंजने नीट ग्रहण करावीत आणि मग ती सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावीत. मुलाखत घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगला नियम आम्हांस ठाऊक नाही. सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावेत, सुधारू नयेत. नंतर दाखला, फेरफार, छायाचित्र आणि दुसऱ्याची साक्ष यांच्याशी ते पडताळावेत. विसंगती आढळल्यास ती लपवू नये, नोंदवावी.

दुसरी गोष्ट काळाची. विद्यापीठीय हिशेबात एका श्रेयांकाला तीस तास आहेत. चार श्रेयांकांचे एकशे वीस. पाच वर्षांच्या निश्रयापुढे हे काहीच नाही. पहिले कित्येक तास तर ओळख होण्यातच जातात. म्हणून एकाच गावात दर वर्षी नवे विद्यार्थी यावेत आणि मागच्यांच्या नोंदी पुढच्यांच्या हाती पडाव्यात, अशी साखळी महाविद्यालयांनी बांधली पाहिजे.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट मालकीची. अदिन्नादानापासून विरत राहण्याचे शील आपण घेतो. न दिलेले घेऊ नये हा नियम आठवणींनाही लागू आहे. सांगणाऱ्याची संमती घ्यावी. मूळ कागद नेऊ नयेत, छायाचित्र घेऊन ते जागच्या जागी परत करावेत. तयार झालेल्या अहवालाची एक प्रत गावातील विहारात ठेवावी आणि ती पौर्णिमेला वाचून दाखवावी. चूक असेल तर ती तेथेच कळेल. आजवर आपल्या वस्त्यांवर पुष्कळ लिहिले गेले. ते वस्त्यांत क्वचितच परतले.

शहापूर आणि मुरबाडच्या महाविद्यालयांतील आपल्या मुलामुलींना या कामासाठी परगावी जाण्याची गरज नाही. त्यांची आजी हीच त्यांची पहिली साधनसामग्री आहे. विहारांच्या समित्यांनी एक कपाट आणि एक नोंदवही एवढी तरी सोय करावी, आणि ज्यांच्या घरी जुने कागद असतील त्यांनी ते रद्दीत जाण्यापूर्वी दाखवावेत, अशी आमची विनंती आहे. सांगणाऱ्या आजीचे आणि लिहून घेणाऱ्या नातीचे, दोघींची नावे त्या वहीत असावीत. कुडे लेण्यांतील भिक्षुणीने तेच केले होते.