चोरी ही कृती आहे, जात नव्हे

"किरकोळ चोरी" हा शब्द आपण सहज वापरतो. कायद्यात मात्र चोरीला नेमका अर्थ आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७८ सांगत होते : दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणे म्हणजे चोरी. यातला एक जरी घटक सिद्ध झाला नाही, तर चोरी नाही. शिक्षा जास्तीत जास्त ३ वर्षे. म्हणजे कायदा कृती पाहत होता, आडनाव नाही.

हे फक्त काहींसाठी खरे होते. अवघ्या अकरा वर्षांत, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. सरकारने अधिसूचना काढली की अख्खी जमात गुन्हेगार. त्या अधिसूचनेला न्यायालयातही आव्हान नाही. १९११ ला हा कायदा साऱ्या ब्रिटिश भारतात गेला. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात माणसे कोंडली गेली.

१९२४ च्या कायद्याचे कलम २४ तर वाचाच. नोंद झालेल्या जमातीचा माणूस चोरीच्या बेतात होता किंवा संधीची वाट पाहत होता असे न्यायालयाला वाटले, तरी ३ वर्षांपर्यंत कैद. म्हणजे इतरांना चोरी केल्यावर जी शिक्षा, तीच या माणसाला चोरी न करता!

बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार जमाती यांची गणना एकत्र केली, ती उगाच नाही. तिघांनाही जन्माने ठरवलेल्या व्यवस्थेनेच माणूसपणाबाहेर ठेवले.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. मागोमाग आला 'सराईत गुन्हेगार' कायदा. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर तो व्यक्तीविषयी बोलतो. पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या पालावर जाते, हे सांगायला नको.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३(२) म्हणते : ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलीच दोषसिद्धी, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा. चांगली सुधारणा आहे. पण त्याच कलमात दुसऱ्या दोषसिद्धीला किमान १ वर्ष, कमाल ५ वर्षे सक्तमजुरी आहे. म्हणजे सगळे वजन 'पहिली' या शब्दावर. "कबूल कर, मोकळा हो" या सल्ल्याने न्यायालयात दिलेली कबुली पहिली दोषसिद्धी ठरते, आणि पुढचा संशय थेट तुरुंगात नेतो.

म्हणून कार्यकर्त्यांनो, तीन गोष्टी वस्तीवर सांगा. पोलिसांसमोरची कबुली पुरावा नसते. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची कारणे पोलिसांना लेखी नोंदवावी लागतात. आणि कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. वकील येईपर्यंत काहीही कबूल करायचे नाही.

जय भीम!