क्षमा मागणारी ख्रिस्तसभा

पवित्र मिस्साच्या प्रारंभी आपण सारे छातीवर हात ठेवून आपल्या अपराधांची कबुली देतो. बालपणापासून ही कबुली ओठांवर रुळलेली असते. मात्र तिच्यातील 'मी' हा नेहमी एकट्याचा असतो. आजोबांच्या वतीने, गावाच्या वतीने किंवा आपल्या धर्मग्रामाच्या वतीने ती द्यावी, असे आपल्या मनात क्वचितच येते. शेताच्या बांधावरून दोन घरांत तीन पिढ्यांचा अबोला असतो. ज्यांनी तो वाद आरंभला ते दोघेही कबरस्तानात एकमेकांपासून चार पावलांवर विसावलेले असतात. तरीही नातवंडे विचारतात, "आम्ही काय केले? आम्ही का म्हणून माफी मागायची?"

इ. स. २००० साली हाच प्रश्न अखिल ख्रिस्तसभेपुढे उभा राहिला होता आणि त्याचे उत्तर एका उपासनेने दिले. १२ मार्च २००० हा प्रायश्चित्तकाळातील पहिला रविवार. त्या दिवशी रोममधील संत पीटर यांच्या महामंदिरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी जी मिस्सा अर्पण केली, ती 'क्षमायाचनेचा दिवस' या नावाने इतिहासात नोंदली गेली आहे.

जुबिली वर्षात असा दिवस पाळला जावा, यात एक औचित्य होते. जुन्या करारातील लेवीय पुस्तकात पन्नासाव्या वर्षाचा जो विधी सांगितला आहे, त्यात गुलामांची सुटका आणि गमावलेल्या जमिनींची परतफेड येते. ख्रिस्तसभेत पहिली जुबिली पोप आठवे बोनिफेस यांनी १३०० साली घोषित केली. तेव्हापासून शतकानुशतके यात्रेकरू रोमला येत राहिले ते क्षमा मिळविण्यासाठी. २००० सालच्या महाजुबिलीत मात्र यात्रेकरूंचे स्वागत करणारी ख्रिस्तसभा स्वतःच क्षमायाचक होऊन वेदीपुढे आली.

याची पूर्वतयारी बरीच वर्षे चालू होती. १० नोव्हेंबर १९९४ रोजी प्रसिद्ध केलेल्या प्रेषितपत्रात पोपमहोदयांनी लिहिले होते की, आपल्या लेकरांनी गतकाळात केलेल्या पापांची जाणीव ठेवल्याविना ख्रिस्तसभेने नव्या सहस्रकाचा उंबरठा ओलांडू नये. त्यापूर्वी २२ फेब्रुवारी १९९२ रोजी सेनेगलजवळच्या गोरे बेटावर, जेथून आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून जहाजांत कोंबले जाई तेथे उभे राहून त्यांनी परमेश्वराकडे क्षमेची याचना केली होती. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला गॅलिलिओच्या प्रकरणात धर्मपंडितांची चूक झाली होती, हे त्यांनी मान्य केले. १९९९ च्या डिसेंबरात, १४१५ साली जिवंत जाळल्या गेलेल्या यान हुस या बोहेमियन धर्मसुधारकाच्या क्रूर मृत्यूबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला.

ही परंपरा त्याहूनही जुनी आहे. १५२३ च्या जानेवारीत न्यूरेंबर्ग येथील सभेत पोप सहावे एड्रियन यांच्या प्रतिनिधीने, रोमच्या धर्मदरबारातच अनाचार माजला होता, अशी पोपमहोदयांची कबुली वाचून दाखविली होती. लूथरच्या चळवळीने युरोप ढवळून निघाला होता तो हा काळ. एड्रियन यांचे त्याच वर्षी निधन झाले आणि तो स्वर लोपला. पुढे जवळजवळ साडेचार शतकांनी, २९ सप्टेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दुसऱ्या सत्राचे उद्घाटन करताना पोप सहावे पॉल यांनी विभक्त ख्रिस्ती बंधूंकडे क्षमा मागितली आणि त्यांच्याकडून झालेल्या जखमांची क्षमाही देऊ केली.

तरीही १९९४ मधील प्रस्तावाला सर्वांनी मान डोलावली असे नाही. काही कार्डिनलांना तो रुचला नव्हता. बोलोन्याचे कार्डिनल जियाकोमो बिफ्फी यांनी आपली शंका उघडपणे मांडली. तत्कालीन माणसांचा न्याय आजच्या मापाने कसा करायचा? पवित्र असलेल्या ख्रिस्तसभेने स्वतःला पापी कसे म्हणवून घ्यायचे? श्रद्धावंतांचा गोंधळ उडणार नाही काय, आणि विरोधकांच्या हाती आयते शस्त्र मिळणार नाही काय? हे आक्षेप वरवरचे नव्हते. म्हणूनच कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाकडे हा विषय सोपविण्यात आला. आयोगाचा प्रबंध मार्च २००० मध्ये, या मिस्साच्या काही दिवस आधी प्रसिद्ध झाला.

आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे होते. मृतांचा अंतिम न्याय करणारा परमेश्वर आहे, तो अधिकार आपला नाही. ज्याचे पाप त्याची वैयक्तिक जबाबदारी, आणि ती त्याच्या मृत्यूबरोबर संपते. परंतु त्या पापाने केलेली जखम संपत नाही. ती स्मृतीत राहते, पूर्वग्रहांत राहते आणि दोन समाजांच्या अबोल्यातही राहते. स्नानसंस्काराने आपण एकाच देहाचे अवयव झालो आहोत. पूर्वजांच्या संतपणाचा वारसा आपण अभिमानाने सांगतो, तर त्यांच्या अपराधांचे ओझेही आपल्याच खांद्यावर येते. बंदिवासातील दानीएल आपल्या वाडवडिलांच्या पापांची कबुली स्वतःच्या तोंडाने देतो, ती याच भावनेने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही ख्रिस्तसभा पवित्र आहे आणि तरीही तिला सतत शुद्धीकरणाची गरज आहे, असे सांगितलेच होते.

आता त्या रविवारच्या उपासनेकडे वळू. ७९ वर्षांचे पोपमहोदय तेव्हा कंपवाताने जर्जर झाले होते. जांभळी वस्त्रे परिधान करून त्यांनी प्रथम मायकेलअँजेलोच्या 'पिएता' शिल्पापुढे, पुत्राचे कलेवर मांडीवर घेतलेल्या मातेपुढे प्रार्थना केली. तेथून संतांच्या विनवणीमालेच्या स्वरात मिरवणूक वेदीकडे निघाली. वेदीपाशी एक प्राचीन लाकडी क्रूस ठेवला होता. रोममधील सान मार्चेल्लोच्या चर्चमधील हा क्रूस १५१९ च्या आगीतून वाचला होता आणि १५२२ च्या प्लेगमध्ये रोमकरांनी त्याची शहरभर मिरवणूक काढली होती. शहराने संकटात ज्याच्यापुढे गुडघे टेकले, त्याच क्रुसापुढे आता ख्रिस्तसभा आपल्या अपराधांसाठी उभी राहिली.

प्रवचनानंतर विश्वासू जनांच्या प्रार्थनांच्या जागी सात कबुल्या झाल्या. प्रत्येक वेळी रोमच्या धर्मदरबारातील एक अधिकारी पुढे येई आणि एका पापाचे नाव घेऊन प्रार्थनेचे आवाहन करी. मग सारे मंदिर स्तब्ध होई. त्यानंतर पोपमहोदय प्रार्थना म्हणत, समुदाय 'किरिये एलेइसोन' म्हणजे 'प्रभू, दया कर' असे तीनदा गाई आणि क्रुसापुढे एक दीप उजळला जाई.

बेनिनचे कार्डिनल गांतँ यांनी सर्वसाधारण पापांची पहिली कबुली दिली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेली असहिष्णुता आणि बळजबरी ही दुसरी कबुली कार्डिनल रॅट्झिंगर यांच्याकडे होती. ज्या धर्मसिद्धान्त विभागाचे ते प्रमुख होते, तो विभाग मुळात रोमच्या इन्क्विझिशनचाच वारसदार होय. तिसरी कबुली ख्रिस्ती ऐक्याच्या भंगाबद्दल, चौथी यहुदी लोकांविरुद्ध केलेल्या पापांबद्दल होती. पाचवी जपानचे आर्चबिशप हामाओ यांनी वाचली. तिच्यात प्रीती, शांती, विविध लोकांचे हक्क आणि इतरांच्या संस्कृती व धर्म यांच्या अवमानाचा उच्चार होता. स्त्रियांच्या प्रतिष्ठेविरुद्ध आणि मानवजातीच्या एकतेविरुद्ध झालेल्या पापांची सहावी कबुली नायजेरियाचे कार्डिनल अरिंझे यांनी मांडली. गोरगरीब, न जन्मलेली बालके आणि अत्याचाराला बळी पडलेली मुले यांच्याविषयीची सातवी कबुली आर्चबिशप न्गुएन व्हान थुआन यांच्या मुखातून आली. व्हिएतनामच्या कारागृहात त्यांनी १३ वर्षे काढली होती, त्यांतील ९ एकांतवासात.

शेवटी पोपमहोदयांनी क्रुसाला मिठी मारून त्याचे चुंबन घेतले. 'पुन्हा कधीही नाही' असा निर्धार त्यांनी पाच वेळा उच्चारला. त्या दिवशीच्या प्रवचनात क्षमा मागण्याबरोबर क्षमा करण्याचाही उल्लेख होता. समोरच्याने आधी माफी मागावी, मग आम्ही मागू, अशी अट कोठेही नव्हती. हे बोलणाऱ्या माणसाला १३ मे १९८१ रोजी गोळ्या घातल्या गेल्या होत्या, आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी आपल्या मारेकऱ्याच्या कोठडीत जाऊन तो त्याच्याजवळ बसला होता.

दोनच आठवड्यांनी, २६ मार्च रोजी, पोपमहोदय जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी गेले आणि यहुदी लोकांविषयीची ती प्रार्थना लिहिलेला कागद त्यांनी भिंतीच्या फटीत ठेवला. काही यहुदी नेत्यांना रोममधील कबुली अपुरी वाटली होती, कारण नाझींच्या काळातील नरसंहाराचा तीत स्पष्ट उल्लेख नव्हता. ही टीका अनाठायी नव्हती. परंतु म्हातारा याचक स्वतः त्यांच्या दारी गेला, हेही त्यांनी पाहिले.

ही हकिगत दूरच्या रोमची म्हणून आपण सोडून देऊ शकत नाही. दुसरी आणि पाचवी कबुली आपल्या अंगणापर्यंत येते. प्रार्थनेत कोणत्याच स्थळाचे नाव नव्हते, गोव्याचेही नव्हते. पण गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली स्थापन झाले आणि मध्ये थोडा खंड पडून १८१२ पर्यंत चालले. पूर्वेकडील सर्व पोर्तुगीज मुलूख त्याच्या अधिकारात होता, आणि १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईही त्या मुलखातच होती. देवळे पाडली गेली. जुन्या चालीरीती पाळल्याच्या संशयावरून नवख्रिस्ती माणसांची चौकशी झाली. ज्या भूमीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीचे रत्न म्हणून कौतुक करीत १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापून घेतले, त्याच भूमीत १६८४ साली व्हाइसरॉयने स्थानिकांना तीन वर्षांत मातृभाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला.

या इतिहासात आपले स्थान विलक्षण आहे. आपल्याला श्रद्धेचा अनमोल ठेवा त्याच काळात मिळाला आणि त्याच काळाचे घावही आपल्या वाडवडिलांनी सोसले. आपल्या शेजारच्या हिंदू बांधवांच्या स्मृतीत त्यांतील काही घाव अजून ओले आहेत. त्यांचा विषय निघाला की आपण एक तर गप्प बसतो किंवा चटकन प्रतिवादाला उभे राहतो. पाचव्या कबुलीने तिसरी वाट दाखविली आहे. जे झाले ते झाले असे मान्य करावे, त्याचे दुःख वाटते असे सांगावे आणि त्यामुळे आपली श्रद्धा डळमळेल ही भीती सोडून द्यावी.

२००० सालच्या कबुलीने सारे काही संपले नाही. सातव्या प्रार्थनेत अत्याचारग्रस्त मुलांचा केवळ उल्लेख झाला होता. त्या एका शब्दामागे किती वेदना दडल्या होत्या, हे पुढील काळात जगाला कळले. म्हणून १ ऑक्टोबर २०२४ रोजी, सिनडच्या पूर्वसंध्येला, पोप फ्रान्सिस यांनी त्याच महामंदिरात पुन्हा प्रायश्चित्त-उपासना घेतली. या वेळी आधी पीडितांचे ऐकले गेले. धर्मगुरूकडून अत्याचार सोसलेल्या एका व्यक्तीने तेथे आपली कहाणी सांगितली. स्थलांतरितांमध्ये काम करणारी व्यक्ती आणि युद्धग्रस्त सीरियातील एक धर्मभगिनी यांनीही साक्ष दिली. मग पोप फ्रान्सिस यांनी स्वतः लिहिलेल्या क्षमायाचना सात कार्डिनलांनी वाचल्या. शांतीविरुद्धच्या पापाची कबुली देण्याचे काम मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांच्याकडे होते. आपल्याच महाधर्मप्रांतातील मेंढपाळाच्या मुखातून ती याचना उमटली.

आपले वाडवडील ज्याला कुमसार म्हणत, त्या संस्काराची जाळीदार खिडकी एका माणसापुरती असते आणि तिची गरज कधीच संपणार नाही. परंतु काही पापे एकट्याची नसतात. कुटुंबाने वाळीत टाकलेली सून, धर्मग्रामाने दूर ठेवलेला परिवार, वर्षानुवर्षे कमी लेखलेले शेजारी यांच्यासाठी कुणी एकट्याने खिडकीशी गुडघे टेकून भागत नाही. नैवेद्य वेदीपाशी ठेवून आधी बंधूशी समेट करावा, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. येत्या प्रायश्चित्तकाळात एखाद्या धर्मग्रामाने एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. आपण ज्यांना दुखावले त्यांना बोलवावे, आधी त्यांचे ऐकावे आणि मग क्रुसापुढे दीप लावावा. आणि बांधावरच्या त्या दोन घरांतील नातवंडांपैकी कुणीतरी एकाने, आपण काहीही केलेले नसले तरी, आधी बांध ओलांडावा.