कोऱ्या आकाशाचा हिशेब

सूर्य मावळल्यानंतर आणि तारका डोळ्यांस स्पष्ट दिसू लागण्यापूर्वी जो अल्प अवधी हाती येतो, त्यात जगातील बहुतेक वेधशाळांमधून दुर्बिणी आकाशाच्या अशा भागाकडे वळविल्या जातात की जेथे पाहण्याजोगे काहीच नसते. आणि त्या कोऱ्या, सारख्या उजळलेल्या आकाशाची एकामागून एक छायाचित्रे घेऊन ती रात्रीच्या खऱ्या छायाचित्रांइतक्याच काळजीने जपली जातात. वेधशाळेच्या बोलीत त्यांना नुसते ‘फ्लॅट’ म्हणतात. त्यांत तारा नसतो, तेजोमेघ नसतो. असतो तो दुर्बिणीचा आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष, आणि तो नोंदवून घेणे हाच त्यांचा हेतू. हा शिरस्ता आज नवशिक्या हौशी निरीक्षकासही ठाऊक आहे. परंतु छायाचित्रणाने खगोलशास्त्रात प्रवेश केल्यानंतर सव्वाशे वर्षे तो रुजू शकला नव्हता, आणि याचा ठपका ज्योतिर्विदांच्या निष्काळजीपणावर ठेवता येत नाही.

हार्वर्ड वेधशाळेत १८५० साली अभिजित तारकेचे छायाचित्र घेण्यात आले, आणि पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा प्रचारात आल्यावर तासन्‌तास प्रकाश साठविणे शक्य झाले. परंतु काच एकदाच वापरावयाची वस्तू होती. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला हे सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपली उपकरणे मांडून बसले होते, आणि कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेची कॅम्बेल यांची तुकडीही त्याच गावी आली होती. त्या मोजक्या क्षणांत जी काच उघडली गेली, तिच्यावर पुन्हा दुसरा प्रकाश पाडून तिची परीक्षा घेणे कोणालाही शक्य नव्हते. एका काचेवरील लेप जेथे दाट, तेथे दुसऱ्या काचेवर विरळ. एकीची संवेदनशीलता मध्यभागी अधिक, तर दुसरीची कडेला. असा प्रत्येक वेळी नवा येणारा साक्षीदार पारखावयाचा, तर ती पारख त्याच्याच अंगावर करावी लागते.

आणि ती तशीच केली गेली. १८८७ साली पॅरिसच्या परिषदेत संपूर्ण आकाशाच्या छायाचित्रीय नकाशाचा जो संकल्प सोडण्यात आला, त्यात हैदराबादची निजामिया वेधशाळाही पुढे सहभागी झाली. त्या योजनेतील प्रत्येक काचेवर ताऱ्यांबरोबरच पाच-पाच मिलिमीटर अंतराच्या रेषांची एक सूक्ष्म जाळी उमटविली जात असे, जेणेकरून धुताना आणि वाळताना लेप कोठे सरकला असेल तर त्याची रुजुवात त्या जाळीवरूनच व्हावी. तेजस्वितेचे प्रकरण मात्र याहून अवघड होते. प्रकाश आणि काळेपणा यांचे नाते सरळ प्रमाणाचे नाही, हे हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० साली आलेख काढून दाखविले; आणि व्हिएन्नाच्या कुफ्नर वेधशाळेत काम करणाऱ्या कार्ल श्वार्त्सशिल्ड यांना त्या शतकाच्या अखेरीस आढळले की क्षीण प्रकाश दुप्पट वेळ पडू दिला तरी परिणाम दुप्पट होत नाही. म्हणून काचेच्या कोपऱ्यात ज्ञात तेजाचे लहान लहान ठिपके उमटवून त्यांच्याशी आकाशातील वस्तू ताडून पाहण्याची तजवीज पुढे सर्वत्र झाली. कोपरा तपासला जाई. काचेचा उरलेला विस्तार कोपऱ्यासारखाच आहे, असे गृहीत धरावे लागे.

ही स्थिती पालटली ती प्रयोगशाळेतील एका निराळ्याच शोधामुळे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी पडलेला प्रकाश विद्युद्भाराच्या रूपात साठविणाऱ्या सीसीडी या चकतीची कल्पना मांडली, आणि १९७६ साली जेम्स जेनेसिक व ब्रॅडफर्ड स्मिथ यांनी ॲरिझोनातील ६१ इंची दुर्बिणीला प्रत्येक बाजूस प्रकाश टिपणारी ४०० घरे (पिक्सेल) असलेली अशी एक चकती जोडून युरेनसचे चित्र घेतले. एवढ्याशा चकतीत एक लाख साठ हजार घरे, आणि त्यांतील कोणतीही दोन अगदी सारखी नव्हेत! समरूपतेच्या दृष्टीने पाहता हे साधन उत्तम काचेहून सरस म्हणता आले नसते. परंतु त्याचे दोन गुण निर्णायक ठरले. एक तर पडलेला प्रकाश आणि जमा झालेला विद्युद्भार यांचे नाते बहुतांशी सरळ प्रमाणाचे होते. आणि दुसरे, आज रात्री जे घर तीन टक्के मंद, ते उद्या रात्रीही तेवढेच मंद असे. दोष गेला नव्हता, तो स्थिर झाला होता; आणि दोष स्थिर झाला की तो मोजता येतो, मोजता आला की भागाकाराने काढून टाकता येतो. आधुनिक तेजोमापनाची सारी अचूकता निर्दोष यंत्रावर उभी नसून आपल्या दोषाशी एकनिष्ठ राहणाऱ्या यंत्रावर उभी आहे.

रात्रीच्या चित्रास फ्लॅटने भागण्याच्या या क्रियेत तीन निरनिराळ्या तक्रारींचा निकाल एकदमच लागतो: घरांची असमान संवेदनशीलता, दुर्बिणीच्या नळीमुळे कडेकडे होणारी प्रकाशाची घट, आणि गाळणीवर वा खिडकीवर बसलेल्या धुळीच्या कणांची सावली. परावर्ती दुर्बिणीत दुय्यम आरसा मध्येच प्रकाश अडवीत असल्यामुळे ही सावली मध्ये पोकळ असलेल्या कड्यासारखी दिसते, आणि तिच्या आकारावरून कण कोठे बसला आहे याचा पत्ताही लागतो: नाभीय अंतर व्यासाच्या दहापट असलेल्या दुर्बिणीत चकतीपासून २० मिलिमीटरांवरील कण सुमारे २ मिलिमीटर रुंदीचे कडे उमटवितो. मात्र भागाकारापूर्वी वजाबाकी झालीच पाहिजे. प्रकाश नसतानाही कॅमेरा जी पातळी जमा दाखवितो, ती दोन्ही चित्रांतून आधी वजा केली नाही, तर सारा हिशेब चुकतो. शिवाय फ्लॅट आणि चित्र यांच्या दरम्यान कॅमेरा फिरविला, गाळणी बदलली किंवा केंद्रीकरण हलविले, तर तो फ्लॅट त्या चित्राचा राहत नाही.

खरा प्रश्न उरला तो सर्वत्र सारखा प्रकाश आणावयाचा कोठून, हा. वेधशाळांनी प्रथम घुमटाच्या आत पांढरा पडदा लावून त्यावर दिवे सोडले. परंतु दिव्याचा प्रकाश तांबूस, पडदा जवळचा, आणि दुर्बिणीत शिरणारे किरण ताऱ्यांच्या किरणांहून निराळ्या कोनांचे. म्हणून संधिप्रकाशाकडे लक्ष गेले. टायसन आणि गॅल यांनी १९९३ साली मावळत्या आकाशाचे तेज कोणत्या गतीने उतरते याचे गणित मांडून, प्रत्येक छायाचित्रास किती सेकंद द्यावेत याचे कोष्टकच निरीक्षकांच्या हाती दिले; आणि १९९६ साली क्रोमी व हॅसलबाखर यांनी दाखविले की संधिप्रकाशही सर्वत्र सारखा नसतो, मात्र शिरोबिंदूपासून किंचित सूर्याच्या विरुद्ध दिशेस त्याचा चढउतार अत्यल्प असतो. हे तेज काही मिनिटांतच निम्म्यावर येत असल्याने, सायंकाळी कमी प्रकाश सोडणारी गाळणी आधी आणि जास्त सोडणारी मागाहून, असा क्रम ठेवावा लागतो. आपल्या अक्षांशांवर तर सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो. त्यामुळे पुणे जिल्ह्यात गिरवली येथे २००६ साली सुरू झालेल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या दोन मीटर दुर्बिणीसारख्या ठिकाणी हा अवधी उत्तर युरोपातील वेधशाळांपेक्षा आखूड असतो.

ज्यांना संधिप्रकाश उपलब्ध नाही वा सोयीचा नाही, त्यांनी निराळे मार्ग काढले. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या कॅमेऱ्यासाठी सूर्यप्रकाशित पृथ्वीचाच पडदा करण्यात आला. पण खालून वेगाने सरकणाऱ्या ढगांच्या रेघा चित्रात उमटत, म्हणून निरनिराळ्या दिशांच्या रेघांची अनेक चित्रे एकत्र करून त्या निवळाव्या लागल्या. न्यू मेक्सिकोतील स्लोन सर्वेक्षणात आकाश चकतीवरून संथ सरकू देऊन प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश एका संपूर्ण स्तंभातील घरांत वाटला जाई, त्यामुळे घराघराच्या दोषाऐवजी स्तंभाच्या सरासरी दोषाचाच विचार पुरे.

हौशी मंडळींनी याच शतकभराच्या खटाटोपाचे सार थोडक्या खर्चात उतरविले. नळीच्या तोंडावर ताणून बसविलेले पांढरे सुती कापड, किंवा सारखा प्रकाश देणारी पातळ विद्युत्पट्टी, एवढ्यावर त्यांचे काम भागते. एका घरात ४०,००० इलेक्ट्रॉन जमले तर प्रकाशाच्या स्वाभाविक अनियमिततेने २०० चा, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. अशी २५ चित्रे एकत्र केली की तो एक दशांश टक्क्यावर येतो. संधिप्रकाशात दर चित्रामागे दुर्बीण थोडी सरकविली, तर चुकून आलेले तारे निरनिराळ्या घरांत पडतात आणि मध्यक घेताना गळून जातात.

जुन्या काचांचाही या विद्येने मागाहून उद्धार केला, हे विशेष. हार्वर्डच्या संग्रहातील सुमारे पाच लाख काचांपैकी बहुतेकांचे अलीकडे संगणकीय रूपांतर झाले, तेव्हा प्रत्येक काचेवरील ताऱ्यांचा काळेपणा आज ज्ञात असलेल्या तेजस्वितेशी ताडून, काचेच्या कोणत्या भागात किती घट आहे हे ताऱ्यांकडूनच वदवून घेण्यात आले. ते साधले, कारण काच तिच्या दोषांसकट शाबूत होती. सीसीडीच्या बाबतीत मात्र चित्र मागे राहते आणि ज्या जुळणीने ते घेतले ती त्या रात्रीनंतर मोडते. कॅमेरा उतरविला, धूळ झटकली, की त्या रात्रीच्या मांडणीची साक्ष देणारे फारसे काही उरत नाही. म्हणूनच वेधशाळांची दफ्तरे आज चित्राबरोबर त्याचे फ्लॅटही सांभाळतात, आणि मूळ चित्र भागाकारापूर्वीच्या रूपातच ठेवतात. कारण उद्याचा संशोधक अधिक चांगला भागाकार करील, ही शक्यता कोणत्याही शहाण्या दफ्तरदाराने खोडून टाकू नये.